खिडकी नंबर तीनवरची शेवटची तारीख

लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही हे किस्से लिहून का ठेवत नाही?" अहो, लिहायला फुरसत मिळायला नको? नारायणगावच्या आमच्या कॉलेजात खिडकी नंबर तीन माझी. शिष्यवृत्तीचे फॉर्म! एक किस्सा संपतोय तोवर दुसरा कागद घेऊन रांगेत उभाच असतो.

पण त्या एका दिवसाचं सांगते. फॉर्म भरायची शेवटची तारीख, आणि पोर्टल संध्याकाळी सहाला बंद होणार. सकाळी दहालाच हिरा येऊन उभी. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली पोरगी, नर्सिंगला नंबर लागलेला. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, नाहीतर परत वाडीला. फॉर्म सगळा तयार होता, फक्त ओटीपी हवा होता. आधारला नंबर वडलांचा, फोन वडलांकडं, आणि वाडीत रेंज नाही. रेंज मिळते ती वरच्या टेकाडावर.

"निरोप गेलाय का?" मी विचारलं.

"काल एसटीच्या कंडक्टरला सांगितलंय, बाबांना सकाळीच टेकाडावर चढायला सांगा म्हणून."

*

तेवढ्यात पिंपळवंडीचे एक काका धाकट्याचा फॉर्म घेऊन आले. मी उत्पन्नाचा दाखला वाचायला लागले, तर त्यांनी खिडकीत हातच आडवा घातला.

"मॅडम, हळू! मागं थोरल्याचे व्हनारे सासरे उभे हायेत. त्यास्नी मी येगळाच आकडा सांगितलाय!"

मागच्या पाहुण्यांचे कान मात्र तिखट.

"वाचा की मोठ्यानं!" ते म्हणाले. "मी बी फॉर्मच भराया आलोय. आमच्या दाखल्यावर बी तेवढंच हाय!"

अख्खी रांग हसली. हिरा हसली नाही. तिचं लक्ष हातातल्या फोनकडं होतं.

*

बाराला पहिला ओटीपी पाठवला. वडलांचा फोन आला, "आलं काय तरी, पन..." आणि रेंज गेली. ओटीपीची दहा मिनिटं संपली.

एकला दुसरा. या वेळी त्यांनी आकडे ध्यानात ठेवून सांगितले, ते चुकले. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: आता एकच संधी. ती चुकली तर चोवीस तास लॉक!

हिरानं ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती. मला तिचाच राग आला. म्हटलं, "अगं, दोन महिने काय झोपली होतीस?"

"मॅडम, जातीचा दाखला परवा हातात आला."

मी दार उघडून तिला आत माझ्या टेबलापाशी घेतलं.

*

खोडदच्या एका पोराचंही ओटीपीचंच रडगाणं. "मॅडम, आमच्या शिवारातल्या त्या दुर्बिणीच्या डिशला लांबलांबच्या ताऱ्यांचं ऐकू येतंय म्हनं. आन माझा ओटीपी येत न्हाई!"

आमचे शिपाई बबनराव जाता जाता म्हणाले, "ताऱ्यांचं आधार लिंक असंल, बाबा. तू तुझं बघ!"

*

वारूळवाडीच्या एका मुलीचा फोटो पोर्टल घेईना. मी फोटो बघितला, मग तिला बघितलं.

"ही कोण?"

"मीच, मॅडम. जरा फिल्टर लावलाय."

"बाई गं, सरकार तुला बघायला येणार नाहीये!"

*

दुपारभर वडलांचा फोन लागलाच नाही; लागला तेव्हा साडेपाच वाजले होते. हिरा म्हणाली, "मॅडम, बाबांना आकडे वाचता येत नाहीत. मघाशी नुसते आकार आठवून सांगत होते. मी सांगितलंय, मेसेज बघून जसंच्या तसं कातळावर कोळशानं काढा, मग फोन लावा."

मी तिसरा ओटीपी पाठवला. एक मिनिट गेलं, तीन गेली. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. हिरानं स्पीकर लावला आणि माझ्याच पॅडवर लिहायला घेतलं.

"भाकरी," वडील म्हणाले. हिरानं शून्य काढलं.

"मंग काठी." एक.

"मंग पळी. वाटी वर, दांडा खाली." नऊ.

"मंग कुदळ. पातं भुईला, दांडा वर."

हिरानं आकार तसाच काढला आणि तिचा हात थांबला. "दांडा वर? बाबा, असा आकडाच नसतो!"

"मंग मी काय खोटं सांगतो व्हय? समोर दिसतीय की! म्होरं भाकरी. मंग भाकरीवर भाकरी, दोन."

सात मिनिटं झाली होती. बबनराव खिडकीला चिकटलेले. मी म्हटलं, "टाक काहीतरी अंदाजानं!" हिरानं माझा हात धरला, चांगला घट्ट.

"बाबा, काढताना तुमी कुठं बसला व्हता?"

"हितंच, कातळाच्या वरल्या अंगाला."

"आन आता?"

"आता खालच्या अंगाला. वर फोन लागंना, रेंज हिकडंच घावली."

हिरानं पॅड उलटं फिरवलं. आठ, शून्य, सात, सहा, एक, शून्य! एकेक आकडा तिनं बघून बघून दाबला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली.

बबनरावांनी टेबलावर हात आपटला. हिरा मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मी फोन घेतला.

"झालं हो! फॉर्म गेला!"

"त्ये झ्याक झालं. पन मॅडम, माझं..."

रेंज गेली.

*

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली, तर समोर धोतर-टोपीतला एक उंच माणूस. दोन्ही हातांची बोटं कोळशानं काळी. पहाटेच्या एसटीनं निघून, मंचरला गाडी बदलून आलेला.

मी म्हटलं, "हिराचे बाबा ना? अहो, काळजी नका करू, फॉर्म गेला तिचा."

"त्ये कळलं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी माझं इचाराया आलोय. साहातलं किती बरुबर आलं?"