एटीफाइव्ह येऊ दे

आमचे शेठ फोटो बघत नसत, फोटोतला डोळा बघत. तुम्ही भल्या पहाटे उठून, तलावाच्या काठी चिखलात कोपरं टेकून, मोठ्या हौसेनं खंड्याचा फोटो काढून आणावा, आणि शेठनी कॅमेरा हातात घेताच चित्र मोठं करत करत थेट त्या पक्ष्याच्या बुबुळापर्यंत जावं. तिथं कड स्वच्छ दिसली तर ते "हं" म्हणत. नाही दिसली तर कॅमेरा परत देत. "डोळा शार्प नाही गुरुजी. डिलीट करा. कायले कार्ड भरून राहिले?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळेत पोरं मला घाबरतात आणि शाळेबाहेर मी शेठना घाबरून कितीतरी बऱ्या फोटोंवर पाणी सोडलं आहे.

पवनीत त्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. धानाच्या हंगामात दुकानात उभं राहायला जागा नसे, पण काउंटरवर मोबाइल उभा केलेला असायचा आणि त्यात कुणीतरी नव्या लेन्सचं गुणगान करत असायचं. गिऱ्हाइकाचा पाइप मोजता मोजता शेठ त्यालाही सामील करून घेत. "पाहा भाऊ, जपानची काच हाय." गिऱ्हाईक मान डोलवून विचारायचं, "किती एचपीची?" शेठ रागवत नसत. रात्रीच्या जेवणात हे वहिनींना सांगून स्वतःच हसत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तरी काच दाखवत.

आम्ही तिघे हौशी. शेठ, मी आणि जनावरांचे डॉक्टर. रविवारी शेठच्या गाडीतून कधी एकोडीच्या बाजूला, कधी नदीकाठानं फिरायचं. दर महिन्या-दोन महिन्यांनी शेठकडे काहीतरी नवीन असे. कॅमेरा ठेवायची तिपाई, मग तिच्यापेक्षा हलकी तिपाई, मग त्या हलक्या तिपाईला वाऱ्यात धरून ठेवायची वजनाची पिशवी. एकदा त्यांनी पानाफुलांच्या छापाचे कपडे मागवले, पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून. ते घालून शेठ बांधावर बसले, तर धानाचा रोवणा करणाऱ्या बाया काम थांबवून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "फारेस्टवाले आले का वो? वाघ सुटला काय?" बगळे तेवढ्यात उडून गेले. शेठ म्हणाले, "कपडे बराबर हायेत, टोपी चुकली," आणि घरी येऊन टोपी मागवली.

पार्सल निघालं की त्यांचं दुकानातलं लक्ष उडे. "नागपूरले पोचलं." "भंडाऱ्यात येऊन पडलं हाय, पण उचलून नाही राहिले लेकाचे." आल्यावर मात्र ते लगेच उघडायचं नाही, हा नियम. आम्ही तिघे जमल्यावर ओसरीत पाट मांडायचा, पाटावर डबा, डब्याला हळदकुंकू, आणि वहिनींनी भाजीच्या सुरीनं टेप कापायची. पहिल्या कॅमेऱ्याचा डबा शेठनी स्वतः घाईघाईत ब्लेडनं उघडला होता, तेव्हा आतला कोरा पट्टा कापला गेला. तेव्हापासून टेपचा मान वहिनींकडे गेला. वहिनी देवापुढचा नारळ हाताळावा तशा शांतपणे टेप कापायच्या, सुरी पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "घ्या. झालं तुमचं बाळंतपण."

रिकामा डबा फेकायचा नाही, हा दुसरा नियम. "उद्या विकतो म्हटलं तं डब्यानंच भाव येते." शेठनी जन्मात यातलं काही विकलं नाही, पण त्यांच्या माळ्यावर रिकाम्या डब्यांची अशी थप्पी लागली होती की वहिनींचे लोणच्याचे सट शेवटी न्हाणीघराशेजारी गेले. पावसाळ्यात लेन्सला बुरशी चढते म्हणून घट्ट झाकणाचा पापडाचा डबाही शेठनी पळवला होता. पापड सादळले. वहिनींनी तक्रार केली ती एवढीच, "पापडाचं जाऊ द्या, पण पाहुणे आले का मी त्यायच्या पानात लेन्स वाढू काय?" उलट त्यांनीच जुन्या लुगड्याची पिशवी शिवून, तांदूळ भरून शेठना दिली होती, गाडीच्या काचेवर कॅमेरा टेकवायला. शेठच्या सगळ्या सामानात डबा नसलेली तेवढी एकच वस्तू होती.

नवी लेन्स आली की ती आधी वहिनींवर तपासायची. "ये वो इकडं, बस जराशी." वहिनी पिठाच्या हातानं ओट्यावर येऊन बसत. शेठ उजेडाची बाजू बघत, एक डोळा मिटत, खट्‌ करत, आणि लगेच मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून वहिनींच्या पापण्या तपासत. "शार्प हाय!" मग आम्हा दोघांना दाखवत. आम्ही वा म्हणायचो. वहिनी हात पुसत विचारायच्या, "पाहू, कशी आली मी?" तोवर शेठचं बोट पुढं गेलेलं असायचं. तपासणीचे फोटो ते जागच्या जागी पुसून टाकत. "अवो, ते टेस्टिंग होतं. तुझा फोटो नोहता तो." अशा किती लेन्स त्या पापण्यांनी पास केल्या असतील. त्या डोळ्यांत पाहून शेठनी काच पारखली, हे मला आता आठवतं आणि जीव तुटतो.

कारण शेठचं एक शास्त्र होतं. पक्ष्याची लेन्स पक्ष्याला आणि माणसाची माणसाला. एकदा तलावावर एक म्हातारा ढिवर डोंगा काठाला लावून उतरला. हातात चांगला थोराड मासा होता. शेठची लांबलचक लेन्स बघून तो आपणहून उभा राहिला, मासा छातीशी धरून. "काढा नं साहेब एक." शेठ अगदी मनापासून म्हणाले, "काका, हे पाखराची हाय. माणसाले एटीफाइव्हची लेन्स पाहिजे. ते आली का तुमच्याचसाठी येतो." म्हातारा थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग मासा पिशवीत घालून गेला. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकला असता तं काय झालं असतं?" शेठ म्हणाले, "कसाबी काढायचा काय? माणसाचा चेहरा हाय तो." यात गर्व नव्हता. माणसाच्या चेहऱ्याविषयी त्यांना खरंच इतका आदर होता की हाताशी असलेलं त्यांना चाललं नाही.

हीच गोष्ट घरात. पुराच्या वर्षी वैनगंगा त्यांच्या घरात शिरली, तेव्हा लग्नाचा अल्बम लोखंडी पेटीसकट पाण्यात राहिला. वहिनींनी पानं उन्हात वाळवली, पण एकमेकांना चिकटलेले फोटो सोडवताना चेहरे निघून आले. उरले फेटे, मुंडावळ्या, बँडवाल्यांचे लाल कोट. त्यानंतर वहिनी अधूनमधून म्हणायच्या, आमच्यासमोरही म्हणायच्या, "माझा एक धड फोटो काढा नं. नाही तं दोघाइचा. घाटावर जाऊ, मांगं नदी येऊ द्या." त्यांनी आयुष्यात शेठकडे मागितलेलं मला ठाऊक असलेलं हे एकच. शेठ म्हणत, "काढू नं. एटीफाइव्ह येऊ दे. असा काढतो का आपली पोट्टीबी ओळखणार नाही." मग एटीफाइव्हच्या आधी फ्लॅश लागे, फ्लॅशच्या आधी त्याची छत्री लागे, आणि मध्येच सारसांचा मोसम येऊन पक्ष्यांची आणखी लांब लेन्स घेणं भाग पडे. मोबाइलनं काढलेला फोटो त्यांना चालत नसे. "मोबाइल पाहाले असते, फोटो काढाले नाही." त्यांच्यापुढं मोबाइल उचलायची घरात कुणाची छाती नव्हती.

गेल्या वर्षी शेवटी त्यांनी एटीफाइव्ह मागवली. त्याच आठवड्यात वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरचा काढा, मग भंडाऱ्याचा डॉक्टर, मग नागपूर. एटीफाइव्ह आणि वहिनी एका वेळी नागपुरात होत्या, असं शेठ नंतर एकदा म्हणाले. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. शेठ पाय चेपत बसले होते. मला म्हणाल्या, "गुरुजी, पार्सल आलं म्हणते. याइले सांगा, उघडू नका म्हणाव. मी येतो नं." आल्या नाहीत. तो डबा अजून टेपसकट शेठच्या कपाटात आहे.

तेरवीला फोटो हवा होता. माळ्यावर डबेच डबे, कपाटात तीन कॅमेरे, हार्डडिस्कमध्ये विदर्भातले तमाम पक्षी प्रत्येक पीस मोजता येईल इतके स्वच्छ, आणि वहिनींचा एक फोटो सापडेना. मुलीच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा लग्नातले दोन निघाले. एकात वहिनी पंगतीत वाढत होत्या, मान खाली. दुसऱ्यात मोबाइलनं आपल्या मनानं गालांना लाली लावून दिली होती. शेवटी आधार कार्ड स्टुडिओत गेलं. आधार कार्डावरचे फोटो कसे असतात ते मी सांगायला नको. स्टुडिओवाल्यानं त्यावरचा चेहरा उचलून आपल्याकडच्या तयार धडावर बसवला. मोरपंखी रेशमी साडी, गळ्यात ठसठशीत हार, मागं निळं आभाळ. मोठ्या मेहनतीनं केलं होतं त्यानं. हार घातला तेव्हा शेठ त्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले आणि मुलीला हळूच म्हणाले, "हे साडी कोणाची वो?"

त्यानंतर रविवार बंद झाले. डॉक्टरांनी एक-दोनदा गाडी काढून बघितली. शेठ येत, काच खाली करून तांदळाच्या पिशवीवर हात ठेवून बसत, कॅमेरा पिशवीतच राही. पाखरं उडून जात आणि आम्ही परत येत असू. मी शाळेच्या गोष्टी सांगे.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझे जुने फोटो आवरत होतो. मी घेतलेली फिफ्टी, म्हणजे माझ्या ऐपतीतली माणसांची लेन्स, तिचा डबाही शेठच्याच ओसरीत वहिनींच्या हातून उघडला होता. त्या लेन्सचा माझा पहिला फोटो समोर आला. पुढं शेठ, रिकामा डबा हातात धरून तोंडभर हसताहेत, डोळा असा शार्प की त्यात ओसरीची खिडकी दिसते. त्या दिवशी शेठनी माझी पाठ थोपटली होती. "काय लेन्स हाय गुरुजी! मांगचं सारं उडवून टाकलं!" आम्ही हौशी लोक मागचं सारं उडावं म्हणूनच तर या लेन्स घेतो. मी इतक्या दिवसांनी मागचं बघितलं. आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. धुक्यातून दिसावं तसं एक माणूस, एवढंच. पण पिवळ्या काठाची ती जांभळी साडी ओळखू येत होती, आणि उजवा हात खांद्याशी होता. कॅमेरा आपल्याकडं वळलेला बघून त्यांनी पदर सारखा केला होता.

दाखवावा की नाही, या विचारात काही दिवस गेले. शेवटी प्रिंट काढून घेऊन गेलो. शेठ दुकानातून नुकतेच आले होते. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट हातात घेतली. स्वतःकडं बघितलंही नाही. सवयीनं दोन बोटं दाराजवळ ठेवली आणि फाकवली. कागद कसला मोठा होतो. पुन्हा एकदा फाकवली. मग बोटं तिथंच राहिली.

"पदर सारखा करून राहिली," शेठ म्हणाले. "तिले वाटलं, आपुन बी फोटोत आहो."

त्यांनी तळहातानं प्रिंटमधला स्वतःचा चेहरा झाकला.

"यातला मी कापून टाका गुरुजी. तिले मोठी करा."

"मोठी केली तर आणखी पुसट होईल शेठ. चेहरा काही दिसायचा नाही."

"नाही दिसू द्या," ते म्हणाले. "साडी तं तिची हाय."

आता ओसरीत तोच फोटो आहे. स्टुडिओतला मुलगी घेऊन गेली. नवीन येणारा माणूस त्या जांभळ्या धुक्याकडं बघतो, डोळे बारीक करतो, आणि भिडेपोटी विचारत नाही. मी गेलो की शेठ चहा ठेवायला आत जातात, तेवढ्यात मी फोटोसमोर उभा राहतो. आधी डोळा बघायचा, ही त्यांनीच लावलेली सवय. मी शोधत राहतो, पण तिथं डोळे नाहीत. तेवढ्यात आतून त्यांचा आवाज येतो, "साखर किती टाकू गुरुजी?" इतकी वर्षं त्या घरी वहिनींच्या हातचा चहा घेतला, मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.