श्यामकांत सबनीसांची देवगडची जागा

दुसऱ्याच्या फायलीत खोट काढण्यात श्यामकांत सबनीसांचा हात धरणारा त्यांच्या खात्यात कोणी नव्हता. आणि याच माणसाने निवृत्तीच्या तोंडावर जी जागा घेतली, तिचा विषय निघाला की त्यांची बायको सुमित्रा अजूनही हातातलं भांडं आपटते.

नव्वद सालानंतर दिल्लीच्या कडेची शेतं जाऊन तिथे फ्लॅट उभे राहत होते. बरोबरीचे लोक मयूर विहारच्या सोसायट्यांत नावं घालत होते. सरकारी क्वार्टर सुटल्यावर डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं, एवढंच सुमित्राचं मागणं होतं. पण जमनापार, म्हणजे यमुनेपलीकडे, राहायचं म्हटलं की स्वारीचं नाक वर. म्हातारपणी आपण आपल्या माणसांत राहायचं, हा त्यांचा हेका. जन्म दिल्लीत गेला, घरात निम्मी हिंदी बोलायची, आणि ओढ कोकणाची!

रविवारी ते दिल्लीतल्या महाराष्ट्राच्या सरकारी अतिथीगृहात पिठलं-भाकरी खायला जात. तिथे त्यांना उल्हास नावाचा एक जमिनीचा दलाल भेटला. एकही हिंदी शब्द न मिसळता तो तासभर मराठी बोलला, आणि श्यामकांत विरघळले. हिंदी बोलणाऱ्या दलालाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. हा मात्र आपला माणूस!

उल्हासने सुचवलेली देवगडच्या पुढची शेतजमीन घ्यायला त्यांना कायद्याची अडचण नव्हती, कारण घरी कुंडीतली तुळस जगवता न आलेला हा गृहस्थ वडिलांच्या सातबाऱ्यामुळे कागदोपत्री शेतकरी होता. कागद त्यांनी भिंग लावून तपासले. जमीन बघायला मात्र गेले नाहीत. सुमित्राने दोनदा सुचवलं, तर म्हणाले, यात बघण्यासारखं काय असतं? सुमित्राच्या आग्रहाने मयूर विहारच्या एका सोसायटीत घातलेलं नाव काढून टाकलं आणि व्यवहार झाला.

नंतर दोघं ती बघायला देवगडला गेली. जमीन होती, खरी होती, यांच्याच नावावर होती. फक्त चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या आमराया होत्या आणि आत जायला वाट नव्हती. श्यामकांत दगडी गडग्यापाशी उभे राहून शेजारच्या बागवाल्याला समजावू लागले, "देखिए, म्हणजे बघा, आपण सगळे एकच, थोडा रास्ता तर..."

बागवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"भाईसाब, रास्ता नहीं मिलेगा," तो म्हणाला. "आप दिल्लीवाले लोग उधरच ठीक."

सुमित्राला रडू यायला हवं होतं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची तिला लाज वाटली नाही.

आता दोघं मयूर विहारात राहतात, त्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने. करार संपताना मालक घर सोडायला सांगतो का, या धास्तीत दर वर्षी सुमित्राचा मार्च जातो. स्वारीचा तोरा तसाच. परवा गणपतीच्या मंडपात तनया नावाची नवी लग्न झालेली मुलगी नोएडात फ्लॅट घेऊ का विचारत होती, तर हे खुर्ची ओढून बसले. परमुलखात कशाला पैसा घालतेस, आमची देवगडला जागा आहे, तिथला एक सज्जन माणूस माझ्या ओळखीचा आहे, असं सुरू झालं. मुलगी उल्हासचा नंबर मागू लागली.

इतकी वर्षं चारचौघांत सुमित्राने नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

"तनया, नोएडाचा घे," ती म्हणाली. "आमच्या जागेला वाट नाही. आम्ही भाड्याने राहतो."

श्यामकांतांनी प्रसादाचा रिकामा द्रोण तिच्यापुढे धरला. सुमित्राने या वेळी त्यांच्यासाठी खिरापत मागून आणली नाही.