साहेब हलले की बँडविड्थ वाढवा

राउटरचं एक बरं असतं. त्याची रांग भरली की जास्तीचं आलेलं तो सरळ टाकून देतो. कुणाला विचारत नाही आणि वाईटही वाटून घेत नाही. आमचं तसं नाही, आमच्याकडे आलेलं सगळं साठत जातं. मग शुक्रवारी इथे कुवेतमध्ये, महबूल्यात, मंदारच्या घरी मिसळीचा बेत असतो. त्याची बायको नीलिमा दारातच बजावते, "आज ऑफिसचं काही नको हं!" आणि पहिला पाव संपायच्या आत तीच विचारते, "अगं, ते हजेरीचं काय झालं होतं?"

झालं! मग कोण थांबतंय?

आधी माणसं सांगते. तेलाशी संबंधित एक कंपनी आहे, नाव कशाला घ्या. तिच्या नेटवर्कच्या खोलीत आम्ही तिघं मराठी. सांगलीची मी, नाशिकचा मंदार आणि चिपळूणचे सुर्वेकाका. आमच्या डोक्यावर बू नासर. हा कुवेती मॅनेजर, मनाने राजा, वेळेने त्याहून राजा. आणि सगळ्यांच्या वर मुदीरसाहेब, म्हणजे कंपनीचे मोठे साहेब.

मुदीरसाहेबांना भाषणाची हौस. त्यासाठी लॉबीत, जेट्टीवर, वाळवंटातल्या साइटवर, जिथे भिंत दिसेल तिथे टीव्ही टांगलेत. आता प्रत्येक टीव्हीला वेगळं ताट पाठवलं तर रस्ता तुंबेल. म्हणून इथून एकच पातेलं निघतं आणि जिथे वाट फुटते तिथला राउटर पुढच्या पंगतीला वाढतो. याला म्हणायचं मल्टिकास्ट. पातेल्याला किती रस्ता द्यायचा आणि कुणाला आधी सोडायचं, हे ठरवणं आमचं काम.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. बू नासरला मी फळ्यावर रांगा काढून दाखवत होते. "सर, फोनचा आवाज सगळ्यात आधी जातो. मग व्हिडिओ. मग बाकीचे ईमेल वगैरे थांबून थांबून."

तो म्हणाला, "म्हणजे वास्ता!"

वास्ता म्हणजे वशिला. इथे आल्यावर माणूस 'शुक्रन'च्या, म्हणजे आभाराच्याही, आधी हा शब्द शिकतो.

"वास्ता नाही सर, प्रायॉरिटी."

"कोण ठरवतं?"

"आम्हीच ठरवतो."

बू नासर उठला. दार लावलं. परत येऊन हळूच म्हणाला, "इतकी वर्षं मी शोधतोय, या कंपनीत खरा वास्ता कुणाकडे आहे. आणि तुम्ही इथे तळमजल्यावर बसलाय!"

त्याने ही बातमी कंपनीभर केली. दुसऱ्या दिवसापासून खोलीत खजूर यायला लागले. अकाउंट्सवाले आले, स्टोअरवाले आले, ट्रान्सपोर्टचा माणूस तर बकलाव्याचा डबा घेऊन आला. सगळ्यांना पुढची रांग हवी. सुर्वेकाका भिडस्त, त्यात गोडाचे शौकीन. त्यांनी एकेकाला पुढे घेतलं. आठवड्याभरात सगळी कंपनी पुढच्या रांगेत आणि सगळी कंपनी ठप्प!

मंदारने कपाळाला हात लावला. "काका, हे काय करून ठेवलंत?"

काका बकलावा चघळत म्हणाले, "अरे, लग्नात सगळेच वरबाप झाले तर वाढणार कोण? चल, काढ एकेकाला. डबे कुणी परत मागितलेन, तर मात्र मला सांग."

*

आता मंदारवर संकट कसं आलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

व्हिडिओचं एक गणित असतं. चित्र जितकं हलेल तितका रस्ता जास्त लागतो. मुदीरसाहेब कायम खुर्चीत बसून बोलायचे. हलायची ती फक्त मिशी. मंदारने हिशेब केला, मिशीला कितीसा रस्ता लागणार? त्याने मोजून मापून बँडविड्थ दिली आणि उरलेली बाकीच्यांना वाटून टाकली. नाशिकचा माणूस, पाणी जपूनच सोडणार.

आणि नेमके त्याच महिन्यात साहेब नेतृत्वाचा कसलासा कोर्स करून आले. त्यात त्यांना शिकवलं होतं, उभे राहा, फिरा, हात मोकळे सोडा!

साहेब उभे राहिले. फिरले. दोन्ही हात पसरून म्हणाले, "आपली कंपनी..." आणि तिथेच चित्र गोठलं. एक डोळा मिटलेला, तोंड वासलेलं, हात पसरलेले. सगळ्या भिंतींवर. साइटवरच्या लोकांनी त्या चित्रासमोर उभं राहून फोटो काढले. एका पठ्ठ्याने तर साहेबांच्या पसरलेल्या हाताखाली स्वतःचा खांदा बसवला!

तो फोटो फिरत फिरत साहेबांपर्यंत गेला. त्यांनी मंदारला बोलावून शांतपणे सांगितलं, "पुढच्या मोठ्या भाषणात चित्र थांबलं, तर तुमचं इथलं कामही थांबलं."

आम्ही बाहेर हसत होतो, पण मंदार बाहेर आला तेव्हा कुणाला हसू आलं नाही. त्याचा करार संपत आला होता. करार गेला की इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवाना. आणि लेक ऋचा दहावीत! वर्षाच्या मधेच पोरीला उचलून कुठे नेणार?

"स्मिता," तो मला म्हणाला, "मी गेलो तर गेलो. तिचं वर्ष जायला नको गं."

मला फार वाईट वाटलं. तोच काका म्हणाले, "मेल्या, रडतोस काय? अजून भाषणाला वेळ आहे. रस्ता रुंद कर!"

*

मंदारने रस्ता असा रुंद केला की विचारू नका. गुपचूप चाचणी म्हणून जवळजवळ सगळी बँडविड्थ त्याने व्हिडिओला देऊन टाकली. साहेबांचं जुनं भाषण लावून पाहिलं. चित्र काय सुंदर! साहेबांच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्या.

पण त्या सकाळी हजेरीचं मशीन सगळ्यात मागच्या रांगेत उभं होतं. लोक येतायत, बोट लावतायत, मशीन 'टिंग' करतंय, आणि नोंद पुढे जातच नाहीये. दुपारी एचआरची बाई धावत खाली आली, "आज कंपनीत कुणीच आलेलं नाही!"

"मॅडम, तुम्ही आलायत ना?"

"सिस्टीमप्रमाणे मीही आलेले नाही!"

मंदारने घाईघाईने सगळं पूर्ववत केलं, एचआरने हजेरी हाताने लावायला घेतली. संध्याकाळी यादी तपासताना लक्षात आलं, की त्या दिवशी सिस्टीमने एकाच माणसाबद्दल खरं सांगितलं होतं. बू नासर खरंच आला नव्हता! सगळ्यांच्या नावापुढे बाईने हजर लिहिलं, त्यात त्याच्याही.

तेव्हापासून बू नासर अधूनमधून विचारतो, "मंदार हबीबी, पुन्हा टेस्ट कधी?"

*

घरी तरी गप्प बसावं की नाही! पण भीती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मंदारने घरच्या राउटरवरही रांगा लावल्या. कागद पुढ्यात घेऊन बसला होता म्हणे. पहिल्या रांगेत ऋचाचा अभ्यास. दुसऱ्या रांगेत त्याचं ऑफिसचं काम. मग नीलिमाच्या मालिका. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

सासूबाई जळगावहून रोज बोलतात. रोज म्हणजे रोज, आणि तब्येतीत. आता त्या बोलायला लागल्या की चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, आणि पाच मिनिटांत त्याच कंटाळून म्हणायच्या, "ठेवते गं, तुमच्या कुवेतला रेंजच नाही."

मंदार खूश. पण पोर त्याचीच!

"Aai," ऋचा एक दिवस जेवताना म्हणाली, "Aaji is perfectly fine at Smita maushi's place. She buffers only in our house."

नीलिमाने ताटावरून मान वर केली. मंदारने मान खाली घातली. पुढे काय झालं ते तो सांगत नाही. एवढंच कळलं, की राउटरचा पासवर्ड आता नीलिमाकडे आहे. सासूबाई एकदम स्पष्ट दिसतात, आणि ऑफिसचं काम करायचं असेल तर मंदार एगैलाच्या मॉलमध्ये जाऊन बसतो.

*

भाषण जवळ आलं. खरी चाचणी हवी होती, आणि त्यासाठी सतत हलणारं चित्र हवं. काका म्हणाले, "माझ्याकडे आहे!" आणि पेन ड्राइव्ह काढला. त्यात चिपळूणला झालेली त्यांच्या पुतण्याची हळद होती. काय ती हलत होती! ढोल, ताशे, पंचवीस-तीस बायका आणि मधोमध पिवळेधमक झालेले, लुंगी सावरत नाचणारे स्वतः सुर्वेकाका.

मंदार हरखला. "काका, याहून जास्त साहेब काय हलणार?"

चाचणीसाठी वेगळा चॅनेल नंबर घ्यायचा असतो. काकांनी घेतला. फक्त तो आधीच कुणाचा तरी होता. लॉबीतल्या मोठ्या पडद्याचा! तिथे त्या वेळी बाहेरच्या कंपनीचे पाहुणे बसले होते. आम्ही खोलीत रहदारीचा आलेख बघून टाळ्या पिटतोय, "एक पॅकेट गळलं नाही हो!" आणि लॉबीत पाहुणे काकांचा नाच बघतायत.

फोन वाजला. पलीकडून रिसेप्शनची मुलगी. "ते पिवळं काय चाललंय?"

मंदारचा चेहरा काकांच्या हळदीपेक्षा पिवळा. त्याने ताबडतोब चॅनेल बंद केला. पुन्हा फोन!

"आता बंद का केलंत? पाहुणे विचारतायत, त्या माणसाची लुंगी शेवटी राहिली का?"

*

आणि मग आला भाषणाचा दिवस.

त्या सकाळी मंदार काही न खाता आला. म्हणाला, ऋचाने निघताना एवढंच सांगितलं, "Baba, please don't touch anything." काकांनी राउटरला उदबत्ती ओवाळायला काढली होती, ती मी आगीच्या अलार्मच्या भीतीने काढून घेतली.

साहेब वर सभागृहात. बू नासर त्यांच्यासमोर पहिल्या खुर्चीत. आम्ही खाली, पडद्यासमोर. मंदारच्या हाताशी एक बटण होतं. काही अडकलंच, तर ते दाबायचं. की सगळ्या टीव्हींवर कंपनीचा लोगो येणार, मागे ऊद या अरबी वाद्याचं मंद संगीत, आणि 'थोड्याच वेळात' अशी पाटी. तेवढ्यात गोठलेलं चित्र मोकळं करायचं.

साहेब उभे राहिले. फिरले. हात पसरले. आलेख ताठ! फोनही चालू, हजेरीही चालू. मंदार पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला. साहेब इतके रंगात आले की भाषण संपल्यावर म्हणाले, "आता साइटवरच्या आपल्या बांधवांनी मला थेट प्रश्न विचारावेत!"

असं आधी कधीच झालं नव्हतं. मग वाळवंटातून एक आवाज आला, अगदी अदबीने.

"सर, पिछले साल इसी भाषण में आपने बोला था, हमारा नया कैंटीन ईद के बाद चालू होगा।"

"हां, हां," साहेब हसत म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"सर, कौन सी ईद?"

ग्लास हवेत. तोंड अर्धवट उघडं. साहेब स्तब्ध. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"गोठलं!" मंदार किंचाळला.

माझं लक्ष आलेखाकडे. आलेख ठणठणीत होता. "मंदार, थांब..." एवढं मी म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलं होतं. सगळ्या भिंतींवर लोगो. ऊदचं संगीत. थोड्याच वेळात.

लगेच बू नासरचा फोन. तो कुजबुजत होता. "काय केलंत? मी इथे समोर बसलोय! चित्र नव्हतं थांबलं. साहेब थांबले होते!"

मंदार मटकन खाली बसला. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा चित्र सुरू केलं, तोवर सभागृहात टाळ्या होऊन लोक उठायला लागले होते. पाचच मिनिटांत वरून निरोप आला. मुदीरसाहेबांनी बोलावलंय, नेटवर्कच्या सगळ्यांना.

लिफ्टमध्ये मंदार म्हणाला, "स्मिता, नीलिमाला तू सांगशील का? माझ्याच्याने होणार नाही." मी हो म्हटलं.

साहेब टेबलामागे बसले होते. बू नासर आमच्या आधीच तिथे येऊन उभा होता.

"बटण कुणी दाबलं?"

"मी, सर," मंदार म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, सर. मीच."

साहेबांनी सेक्रेटरीला आत बोलावलं. मंदारकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या कराराचे कागद आजच तयार करा. पूर्ण मुदतीचे."

मंदारला काही कळेना. बू नासर त्याला कोपराने ढकलतोय, "यल्ला, शुक्रन म्हण!"

आम्ही दारापर्यंत पोचलो, तोच साहेबांनी सेक्रेटरीला परत हाक मारली.

"आणि पुढच्या वर्षी हा माणूस खाली बसवू नका. बटणासकट सभागृहात आणा. मला दिसेल असा."