कुत्रीचा डबा

बुद्धपौर्णिमेची खीर मिलच्या चाळीतल्या आमच्या ओळीत आधी घरात कुणी चाखत नाही. पहिली वाटी ज्याला भूक आहे त्याला, मग आपण. ही रीत कुणी सुरू केली ते आईलाही ठाऊक नाही. दरवर्षी मी वाटी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत जायचे, तिथे कुणी ना कुणी भेटायचंच. त्या वर्षी मात्र आई म्हणाली, "लांब कशाला जातेस? शेजारी दे."

शेजारी म्हणजे काका. नात्याचे नव्हेत, पण मी बोलायला लागल्यापासून काकाच. मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मिल बंद पडली तेव्हा बाकीच्या माणसांनी काही ना काही धरलं. माझे बाबा पोलोग्राउंड भागात एका कारखान्यात पॅकिंगला लागले, कुणी टेम्पो चालवू लागलं. मिलच्या लांबलचक भिंतीवर कोल्ड्रिंकच्या आणि रंगीत टीव्हीच्या जाहिराती रंगवल्या गेल्या. काकांनी मात्र दार लावून घेतलं.

आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे त्यांचा स्टोव्ह वाजेनासा झाला हे आम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं. "आजही पंप मारल्याचा आवाज नाही," आई म्हणायची आणि पोळी लाटता लाटता थांबायची. विचारलं की आतून उत्तर यायचं, "झालं माझं जेवण." त्यांची मनगटं दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. काका असेच हळूहळू संपून जातील, अशी भीती आईला वाटायची. मलाही वाटायची.

तर मी खिरीची वाटी घेऊन गेले आणि पाहते तो त्यांच्या दाराशी आधीच वाट्यांची रांग लागलेली. सगळ्या ओळीला तेच सुचलं होतं! स्टीलच्या वाट्या, पितळी वाट्या, एकीवर तर केळीचं पान झाकलेलं. काका उंबऱ्यात उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"काय गं, सगळ्या मोहल्ल्यात भुकेला मीच सापडलो का? भिकारी आहे मी?"

मी वाटी तशीच धरून उभी राहिले. काकांनी एकेक वाटी उचलली आणि गल्लीतल्या कुत्र्यांपुढे मांडली. "लो भिया, खाओ. आज तुम्हारी पौर्णिमा है." कुत्र्यांशी ते नेहमी आमच्या शहरातल्या हिंदीत बोलत. शेवटी माझ्या हातातली वाटीही घेतली. घराघरांतून बायका डोकावून बघत होत्या. आई हिरमुसली. मला मात्र, का कोण जाणे, बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी काका दारात उभे होते आणि चांगले भांडत होते.

दुसऱ्या दिवसापासून कुत्री त्यांच्या दाराशी बसू लागली. त्यांत एक पिवळी होती, पोट ओघळलेली, पिल्लं होणारी. त्याच आठवड्यात तिला टेम्पोची धडक बसली आणि मागचा पाय मोडला. काकांनी तिला पोत्यावर घालून घरात नेलं. बांबूच्या खपच्या लावून त्यांनी पाय बांधला, मिलच्या जुन्या कापडाच्या पट्टीनं. साच्यावर तुटलेला धागा सांधायची जी गाठ असते, तीच इथे मारली. त्यांची बोटं गाठ मारत होती आणि ते बघत होते पिवळीच्या तोंडाकडे.

संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडली.

"वहिनी, एखादी पोळी उरलीय का? हिच्यासाठी." स्वतःसाठी जन्मात काही न मागणारा माणूस तिच्यासाठी अगदी हक्कानं मागत होता.

आईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग दूधभात कालवला आणि शेजारी डब्यात ताज्या पोळ्या, गिलक्याची भाजी आणि लसणाची चटणी भरली.

"आई, कुत्री चटणी खाते?" मी विचारलं.

"गप बस."

दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत आला. काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाजीत मीठ कमी होतं वहिनी. कुत्री बोलली."

आईही तेवढीच गंभीर. "उद्या घालते हं भाऊजी. लिंबाचं लोणचं चालतं का तिला?"

"चालतं. गोड नको म्हणते."

मग ओळीनं वाटूनच घेतलं, आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. नळावरची पोरं काकांना छेडायची, "काय भिया, तुमची कुत्री पोह्यांवर जिरावन मसाला टाकून खाते म्हणे!" काका त्यांच्यावर पाणी उडवायचे. पिल्लं झाली, पिवळी लंगडत का होईना उभी राहिली, काकांची मनगटं पुन्हा भरली. आणि भिंतीपलीकडून रोज डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज यायचा, पाठोपाठ काकांचा, "पहले तू." थोड्या वेळानं, "हां, अब मैं."

पहिली वाटी ज्याला भूक आहे त्याला. हे मला तेव्हा भिंतीला टेकून अभ्यास करताना कळलं.

आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो. त्या दिवशी विहारात कुणीतरी बोलतं. विहार सांभाळणारे आजोबा महूच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले, त्यांचं सांगणं म्हणजे हुकूमच. "तू कॉलेजला जातेस ना? करुणेवर तू बोल." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, नाही कसं म्हणणार? लायब्ररीतून पुस्तकं आणली, पण त्यातलं काही तोंडात बसेना. शेवटी जे पाहिलं तेच लिहिलं, वाट्यांच्या रांगेपासून "पहले तू"पर्यंत, आणि आईला वाचून दाखवलं. तिचं शिलाई मशीन थांबलं.

"फार चांगलं लिहिलंस गं," ती म्हणाली. मग दोरा ओवत हळूच म्हणाली, "पण काका समोर बसतील ना."

मी कागदाची घडी घातली. हे बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी डबा न उघडता परत आला असता.

विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. काका दुसऱ्या रांगेत, पिवळी आणि तिची पिल्लं दाराबाहेर चपलांमध्ये. वंदना झाली, पंचशील झालं. मग मी उभी राहिले.

"आमच्या ओळीत एक पिवळी कुत्री आहे," मी म्हणाले. "तिचा पाय मोडला होता. आमच्या काकांनी तो बांधला. ओळीतल्या बायका तिला रोज डबा देतात." पुढचं सगळं त्या घडी घातलेल्या कागदात होतं. सगळे वाट बघत होते. "तिला... तिला चटणी फार आवडते."

आधी एका कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पदर तोंडाशी गेले, फौजी आजोबांच्या मिशा हलायला लागल्या आणि सगळं विहार हसू लागलं. मी भीत भीत काकांकडे पाहिलं. ते वर पंख्याकडे बघत होते आणि त्यांचे खांदे गदगद हलत होते.

दुसऱ्या दिवशी ते डबा परत द्यायला आले. "भाषण छोटं झालं," मला म्हणाले. "पण कुत्रीला आवडलं."

"आणि तुम्हाला, काका?"

"मी कुठे ऐकत होतो? माझं लक्ष पिल्लांकडे." ते जायला निघाले, मग दारातून वळले. "वहिनी, तिनं काल सगळ्यांसमोर सांगितलंच आहे, तर चटणी जरा जास्तच द्या."

आईनं लसूण सोलायला घेतला.