माझ्या हळदीचा भोंगा

माझं लग्न ठरलं तेव्हा मानपान, साड्या, जेवण हे सगळं दोन बैठकांत मिटलं. मिटला नाही तो एकच प्रश्न, भोंगा लावायचा की नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमचं गाव भाईंदरच्या पश्चिमेला, मिठागरांच्या कडेला. वस्ती आगरी लोकांची. माझा थोरला भाऊ, दादा, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. तिथल्या सत्यनारायणाला त्याने भोंग्यावर गाणी ऐकली आणि घरी येऊन जाहीर केलं की आपल्या बहिणीच्या लग्नात भोंगा वाजलाच पाहिजे.

बाबांना ते पटेना. ते म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना आपण घरोघर जाऊन बोलावलंय, मग माडावर चढून ओरडायचं कोणासाठी? आईची काळजी वेगळी होती. गोठ्यातली म्हैस नुकतीच व्यायली होती आणि आवाजाने ती दूध आखडेल असं आईला वाटत होतं. काका म्हणाले की आमच्या आळीत अजून वीजच नाही, यंत्र चालणार कशावर? दादाकडे उत्तर तयार होतं. भोंगेवाला स्वतःची बॅटरी घेऊन येतो.

मला कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात भोंगा नव्हता, म्हणून माझ्या लग्नात तो मला हवाच होता. त्याचा उपयोग काय, हा विचार माझ्या मनात आला नाही.

खरी अडचण आत्याची होती. आमच्या लग्नांत भटजींइतकाच मान धवलारणीचा. मांडव घालायचा असो की हळद लावायची, प्रत्येक विधीला ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. एक ओळ ती म्हणते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलतात. बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, गावाची धवलारीण होती. तिचा आवाज पार बांधापर्यंत जायचा. घरात भोंगा आणला तर तिला काय वाटेल, म्हणून सगळे तिच्यापाठी कुजबुजत होते. ती अंगणात आली की दादा एकदम भाताबद्दल बोलायला लागायचा.

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी आत्या आमच्या ओटीवर येऊन बसली, पानाला चुना लावला आणि बाबांना म्हणाली, "त्या भोंग्याचा काय चाललाय तुमचा? मना कोनी इचारलंय का?"

बाबा म्हणाले, "तुला आवडायचं न्हाय म्हणून..."

"न बघताच कसा सांगू आवडतो का न्हाय ते? मना दाखवा तरी."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं, दादा, आत्या आणि मी, रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला केबिन रोडला गेलो. भोंगेवाल्याचं दुकान अरुंद होतं. वायरींची भेंडोळी, रेकॉर्डींच्या चळती, आणि दाराबाहेर वर टांगलेला मोठा पितळी रंगाचा भोंगा. माणूस गुजराती. आमच्याशी हिंदीत बोलायचा, मधूनच मराठी. दादाने ओळख करून दिली की ही गाणारी आहे. त्याने लगेच माईक तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "माई, कुछ भी बोलो."

उन्हातून चालून आत्याचा घसा सुकला होता. ती माईकात म्हणाली, "जरा पानी दे रे."

तिचा आवाज दाराबाहेरून, वरून आला. तिने चमकून मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. रस्त्यावरची माणसं थांबली. समोर भाजी घेऊन बसलेली बाई तांब्या भरून पाणी घेऊन आली. आत्या ते पाणी प्यायली, तिने त्या बाईला हात जोडले, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. परतताना फाटकापाशी गाडी जाईपर्यंत उभे होतो, तिथेही तिचं हसणं चालूच होतं. घरी पोचल्यावर तिने बाबांना एवढंच सांगितलं, "आनूया. ऱ्हायला तर ऱ्हायला, न्हाय तर परत धाडू."

लग्न वैशाखात होतं. हळदीच्या दिवशी सकाळी भोंगेवाला बैलगाडीतून बॅटरी आणि यंत्राची पेटी घेऊन आला. आमच्या दारचा एकच माड भोंगा बांधण्याइतका उंच होता, आणि तो मिठागरांच्या बाजूला होता. भोंग्याचं तोंड साहजिकच तिकडे झालं. म्हशीला आईने आधीच काकांच्या गोठ्यात नेऊन बांधलं होतं.

मांडवाचा पहिला धवला आत्याने माईकात म्हटला. आवाज मोठा आला, पोरं नाचायला लागली, दादा खूश झाला. आत्या मात्र दोन ओळींनंतर थांबली. तिने माईक बाजूला ठेवला आणि भोंगेवाल्याला बंद करायला सांगितलं.

मी विचारलं, "काय झालं गो आत्या?"

"माझाच आवाज मना ऐकू येतोय," ती म्हणाली. "मागच्या बायका कुठं ऱ्हायल्या ते कलत न्हाय. धवला एकटीनं म्हनायचा नसतो."

भोंगा बंद झाला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि बायकांनी ओळ उचलली. आई, काकी, शेजारणी, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले. दादाचा चेहरा मात्र पडला होता. त्याला वाटलं, संपलं, आता भोंगा परत जाणार.

पण आत्याने तो परत पाठवला नाही. संध्याकाळी हळद लागली आणि व्याह्यांना चिडवायची गाणी सुरू करायची वेळ आली तेव्हा तिनेच भोंगेवाल्याला हाक मारली. ही गाणी कोणी उचलायची नसतात, ऐकणाऱ्यांनी हसायचं असतं. माझ्या सासऱ्यांच्या मिशा प्रसिद्ध होत्या. आत्याने तिथल्या तिथे जुळवलं:

"व्याही आमचं मोटं, मिशीला लावलं तेल,
मिशी पोचली मांडवान, व्याही मागं ऱ्हेल."

मग सासूबाईंवर एक, माझ्या दिरांवर एक. मांडव हसत होता. मीही हळदीच्या अंगाने हसत होते, नवरीने हसू नये असं आई दोनदा बजावून गेली तरी.

सासर मिठागरांच्या पलीकडे, मीरेच्या बाजूला. रस्त्याने लांबचा वळसा, सरळ रेषेत मात्र मधे फक्त मिठाच्या कोंड्या, खारं पाणी सुकवायचे वाफे. आणि वैशाखात संध्याकाळचा वारा समुद्राकडून तिकडेच वाहतो. हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने नवऱ्याचा चुलतभाऊ सायकलवर घामाघूम होऊन मांडवात आला. बाबांनी त्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला की तिकडेही हळद चालू आहे आणि तुमचं सगळं शब्दन्‌शब्द ऐकू येतंय. बाबांचं तोंड उतरलं. त्यांनी दादाकडे असं पाहिलं की दादा माडाच्या बुंध्यामागे सरकला. बाबांनी हात जोडून विचारलं, "फार रागावलेत का?"

"रागावलेत कसले," तो म्हणाला. "काकांनी, तुमच्या व्याह्यांनीच, निरोप धाडलाय. तिसऱ्या गाण्याला वारा पडला, नीट ऐकू आलं न्हाय. परत म्हनायला सांगा."

बाबा आधी खाटेवर बसले आणि मग हसले. आत्याने तिसरं गाणं परत म्हटलं, आणि चुलतभावाला जेवायला घातल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. सगळी मंडळी मांडवात शिरली, पण सासरे दिसेनात. बाबा पुन्हा घाबरले. शेवटी, सगळ्यांच्या बऱ्याच मागून, मिशांना चकचकीत तेल लावलेले सासरे एकटेच शांतपणे चालत आले. मांडवाच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "मिशी पोचली ना? मी आताच येतोय." आत्या पदर तोंडावर धरून आत पळाली. त्या गडबडीत लग्नाची घटका टळते की काय, असं भटजींना वाटायला लागलं होतं.

लग्न लागताना भोंगा बंदच होता. धवले मांडवात बसलेल्यांपुरतेच ऐकू गेले. नंतर पंगती बसल्या तेव्हा दादाने सिनेमाची गाणी मनसोक्त वाजवली.

पुढच्या काही वर्षांत गावातल्या प्रत्येक लग्नात भोंगा आला. त्याआधी प्रत्येक घरात आमच्यासारखाच वाद व्हायचा, आणि शेवटी कोणीतरी उठून आत्याकडे यायचं. ती त्यांना पान द्यायची, घरात गाणाऱ्या बायका किती आहेत ते विचारायची, आणि मग सांगायची की भोंगा आणा, पण धवल्यांच्या वेळी तो बंद ठेवा. केबिन रोडचा भोंगेवालाही नवा माईक आला की तिला निरोप पाठवायचा. ती फाटक ओलांडून जायची, माईकात दोन शब्द बोलायची आणि भाजीवाल्या बाईकडे बसून गप्पा मारून परतायची. माहेरी गेले की मीही तिच्याबरोबर जायचे.