मामानं घेतलेली झडती

मोठ्या बहिणीचा बस्ता बांधून झाला होता. आईचं लुगडं तेवढं राहिलं होतं, म्हणून आम्ही दोघी सुलतानपूरहून यष्टीनं लोणारला गेलो. मी तेव्हा नववीत. कापडाच्या दुकानात आईचा मावसभाऊ राखणीला होता. खाकी डगला घालून तो दारात उभा. "ये बाई," म्हणून हसला. आपला मामाच दारात, याचा मला केवढा रुबाब वाटला!

गादीवर एका साहेबाची बायको साड्यांचा ढीग उपसत बसली होती. तिला चहा आला. आई सकाळी मेथी खुडून आलेली, नखांत माती. मालक तिला म्हणाला, "बाई, लांबूनच पाहा."

ओटीत आलेला हिरवा खण आईनं घरून आणला होता. मालकानं पुढं धरलेल्या लुगड्याला तो लावून पाहिला आणि परत थैलीत टाकला. तेवढ्यात मालक दुकानातले खण चाळता चाळता थांबला. "एक हिरवा कमी दिसतो," म्हणाला आणि मामाला हाक मारली, "यांची थैली पाहा."

मला वाटलं, आता मामा सांगेल, ही माझी बहीण आहे म्हणून. मामानं मान वर केली नाही.

"दे बाई थैली."

"तू पाहून राह्यला माही थैली?"

"मालक सांगून राह्यले. दे."

त्यानं थैली गादीवर उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, मेथीचं रिकामं पोतं पडलं आणि खण.

"हा काय मग?" मालक म्हणाला.

"माहा हाय तो. हळदीचा डाग पाहा न त्याले."

मालकानं खण उजेडात धरला, डाग नखानं खरवडून पाहिला. तरी म्हणाला, "पदर झाडा." सगळ्यांदेखत आईनं उभं राहून पदर झाडला.

मग साहेबाची बायको उठली. तिच्या खाली दुकानातला खण दबलेला. "अय्या, माझ्याच खाली की!" ती हसली. मालकही हसला. तिची पिशवी कुणी मागितली नाही. आमची भाकर मीच गोळा केली.

लुगडं आम्ही तिथूनच घेतलं. लग्न तोंडावर होतं आणि तसलं दुसरं दुकान गावात नव्हतं. यष्टीत आई एवढंच म्हणाली, "घरी सांगजो नको."

लग्नात मामा पहिल्या पंगतीला बसला. आई वाढायला गेली तेव्हा पत्रावळीकडे पाहत म्हणाला, "नोकरी हाय बाई. काय करू?"

"हाव," आई म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे वळली.

तो दर भाऊबीजेला येत राहिला. आई त्याला ओवाळायची. मी त्याच्या पाया पडायचं सोडलं. त्यानं कधी विचारलं नाही, काऊन म्हणून.