आजोबा शाकाहारी नव्हते

आज सकाळी अलिबागला माझे आजोबा वारले. त्यांच्याबद्दल मी एकदा धडधडीत खोटं बोलले होते, ते आज सांगायलाच हवं.

मराठीत लिहितेय. इंग्लिशमध्ये लिहिलं तर आम्ही राहतो त्या अल्बनीतले सगळे फ्रेंड्स येऊन हार्ट टाकून जातील. मला आज हार्ट नकोयत.

गेल्या वर्षी युनीतून मी एका सेमिस्टरसाठी स्पेनला गेले, वॅलेन्सियाला. आजोबा तेव्हा व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडेच होते.

एअरपोर्टवर म्हणाले, "तिकडे समुद्र आहे ना गं? मग मासे बरे मिळत असतील."

मी बॅग ओढता ओढता म्हटलं, "आल्यावर तिथलं काहीतरी करून घालते तुम्हाला. प्रॉमिस."

बोलायचं म्हणून बोलले. सिक्युरिटीपर्यंत विसरलेही.

पाच महिने तिथे काय केलं? खाल्लं. अधूनमधून लेक्चर्सना जायचे.

पिलारबाईंकडे मी खोली घेतली होती. सत्तरीच्या बाई. बाजारातून डोक्यासकट कोळंबी आणायच्या. ऑलिव्ह ऑइल, भरपूर लसूण, लाल पेपरिका, मीठ, बास. पॅन टेबलाच्या मधोमध आणि हाताने सुरू. डोकं मोडायचं, आवाज करत चोखायचं, बोटं चाटायची.

मी त्याचा व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, "खरे लोकल्स असेच खातात." हीप्स लाइक्स आले, अगदी ढिगाने.

आजोबांनी कमेंट केली: "छान. डोकं टाकू नकोस, चव तिथेच असते."

मला कसंतरीच झालं. मी ती कमेंट डिलीट केली.

परत आले तेव्हा आजोबांना भारतात जायला दहा दिवस उरले होते. पहिल्याच दिवशी आईने स्नॅपर माशाचं कालवण केलं. आजोबांच्या ताटात दुधीची भाजी.

"आजोबा, व्हेज झालात की काय?"

"थांबलोय," म्हणाले.

वय झालंय, पचत नसेल, असं मीच ठरवून टाकलं. कशासाठी थांबलात, एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

त्यांची फ्लाइट सोमवारी होती. शनिवारी मी हॅना, टिम वगैरे फ्रेंड्सना स्पॅनिश लंचला बोलावलं. आई-बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवाला कोणाकडे तरी पूजेला गेले होते.

सकाळपासून आजोबा दोनदा येऊन कोळंबी बघून गेले. "ताजी आहे गं," एवढंच बोलले.

बाराला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, टेबलाशी येऊन बसले.

मी पॅनमधल्या कोळंबीकडे पाहिलं. आता हे डोकं चोखणार, सुर्र करून. मग बोटं चाटणार. हॅना बघणार, टिम बघणार.

पिलारबाईंनी केलं की ते कल्चर. माझ्या आजोबांनी केलं की शी. हे मी तेव्हा असं शब्दांत म्हटलं नव्हतं, पण तेच होतं.

म्हटलं, "आजोबा, तुम्ही आत जेवून घ्या ना. आम्ही सगळे इंग्लिशमध्ये बोलणार, बोअर व्हाल."

ते लगेच उठले. "हो हो, चालू दे तुमचं."

फ्रिजमधला वरणभात काढून गरम केला. खुर्ची नीट आत सरकवली आणि ताटली घेऊन खोलीत गेले.

हॅनाने विचारलं, "तुझे आजोबा नाही का जेवणार आपल्याबरोबर?"

"ही इज व्हेजिटेरियन," मी म्हटलं.

अलिबागच्या माणसाला. सोमवारी मासे नसतात म्हणून ज्यांचं तोंड रविवारपासूनच उतरायचं, त्यांना.

सगळी कोळंबी संपली. त्यांच्यासाठी चार काढून ठेवायचंही सुचलं नाही मला.

आज आईने सांगितलं. मी स्पेनला गेले त्याच दिवशी आजोबांनी देवापुढे नारळ ठेवून नेम धरला होता. पोरगी सुखरूप येऊ दे, तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय मासा तोंडात घालणार नाही.

आईला बजावलं होतं, "तिला कळू द्यायचं नाही. सांगून करून घेतलं तर त्यात काय गंमत."

"मला वाटलं, त्या शनिवारी झालं असेल गं," आई म्हणाली. "मी विचारलं तर नुसते हसले."

मग काकांचा फोन आला. अलिबागला परतल्यावरही आजोबांनी मासे घेतले नाहीत. समोर बंदर, दारात कोळीण, आणि हे आठ महिने वांगी-दुधी खात होते. काकू रोज आग्रह करायची. "नातीने करून घालायचं राहिलंय," म्हणायचे.

"माझ्यावर रागावले होते का हो?"

"छे गं. येईल त्याला तुझा तो कोळंबीचा व्हिडिओ दाखवायचे. आपली कमेंट दिसत नाही म्हणून फोनला शिव्या द्यायचे."

 

आमच्याकडे तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट करतात. आजोबांना तिकडे सगळे अण्णा म्हणायचे. काका म्हणाले, "तू अण्णांना काय करून घालणार होतीस? काकूला लिहून पाठव. ती करेल."

पाठवलं. कोळंबी डोक्यासकट घ्यायची. लसूण करपू द्यायचा नाही. पाच ओळींची रेसिपी आहे, वीस मिनिटांत होते. वीस मिनिटं.

काकूने मेसेज केला, "त्या दिवशी अण्णांचं पान कुठे मांडू? वेगळं, खोलीत ठेवू?"

मी लिहिलं, "नको काकू, खोलीत नको. सगळ्यांच्या मध्ये मांडा."

आजोबा, मला तुमची लाज वाटली होती. श्रद्धांजली वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. चुकलं माझं. नमस्कार करते.